दूरचे ऐकण्यासाठी केबल कोणती?

श्रोतेहो, गोंदिया तालुक्यातले दवनीवाडा हे गाव वैनगंगेच्या खोऱ्यातले, धानाच्या बांध्यांचे. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा गोंदिया-भंडाऱ्याकडील नदीकाठची कितीतरी गावे पाण्यात सापडली. अशा वेळी वीज जाते, मोबाइलही मुका होतो. डिसेंबर २००४ मध्ये सुनामीने अंदमानचे दळणवळण तुटले, तेव्हा पोर्ट ब्लेअरहून निरोप पोचविण्याचे काम भारती प्रसाद आणि त्यांच्या सोबत्यांनी हौशी रेडिओवरून केले. बोलण्यासाठी परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो, परंतु बोलण्याआधी नीट ऐकता आले पाहिजे. आजचा विषय आहे तो एरियलपासून संचापर्यंत येणाऱ्या केबलचा.

हौशी रेडिओचे खालचे पट्टे म्हणजे १६०, ८० आणि ४० मीटरचे. मेगाहर्ट्झमध्ये सांगायचे तर साधारण १.८, ३.५ आणि ७. रात्री या लहरी फार दूर जातात. त्या ऐकण्यासाठी लांबलचक तार धुऱ्याच्या कडेने, घरापासून दूर ताणावी, कारण घरातले एलईडी दिवे आणि चार्जर या पट्ट्यांवर सारखा खरखराट करतात. मग तिथून घरापर्यंत शंभरेक मीटर केबल लागते. दुकानदार म्हणतो, “गुरुजी, लांब जायचं तर जाड, भारी केबल घ्या.” हा खर्च खरोखर करायला हवा का?

केबलमध्ये शक्ती थोडी वाया जाते. तिचे माप डेसिबेल. तीन डेसिबेल गेले म्हणजे निम्मी शक्ती गेली. डिश टीव्हीला लावतात ती आरजी-६ जातीची ७५ ओहमची केबल घ्या. ६०० मेगाहर्ट्झवर तिच्या १०० मीटर लांबीत सुमारे १६ डेसिबेल जातात; पण १.८ मेगाहर्ट्झवर फक्त १ ते २. म्हणजे जाड केबल घेऊन वाचणार काय, तर फार तर एखादा डेसिबेल!

आणि तोही आपल्याला लागत नाही. खालच्या पट्ट्यांवर आकाशातून, दूरदूरच्या विजांमुळे येणारा गोंगाट संचाच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठा असतो. केबलमध्ये आवाज आणि गोंगाट दोन्ही सारखेच घटतात. धानाच्या राशीतून पायलीभर घ्या की अर्धी पायली घ्या, धानात कोंडा जितका तितकाच राहणार. बोलणाऱ्याचे मात्र वेगळे आहे बरं का. त्याची निम्मी शक्ती केबलमध्ये गेली तर पलीकडे ती निम्मीच पोचते. म्हणून प्रक्षेपणाची केबल निराळ्या हिशेबाने निवडावी.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टीव्हीच्या केबलची मधली तार बहुधा पोलादाची असते आणि तिच्यावर तांब्याचा पातळ थर असतो. उच्च वारंवारतेचा प्रवाह तारेच्या कातडीतूनच वाहतो. ५०० मेगाहर्ट्झवर ही कातडी अवघी ०.००३ मिलिमीटर, पण १.८ मेगाहर्ट्झवर ०.०५ मिलिमीटर जाड. थर पातळ असला की प्रवाह पोलादात उतरतो आणि घट थोडी वाढते. शंभर मीटरला ती चालते. केबल बरीच लांब असेल, किंवा तिच्यातूनच शेतातल्या प्रवर्धकाला वीज पाठवायची असेल, तर मधली तार सबंध तांब्याची मागावी.

मग पैसे कशावर खर्चावेत? पहिले, वेष्टनावर. आतली पन्नी पुरती गुंडाळलेली आणि तिच्यावरची जाळी दाट हवी. मोजक्याच तारांची विरळ जाळी असलेली स्वस्त केबल घेऊ नये. दुसरे, जोडांवर. अॅल्युमिनियमच्या जाळीवर साधे डाख बसत नाही. म्हणून दाबून बसवायचे कनेक्टर वापरावेत आणि वर पाणीरोधक पट्टी घट्ट गुंडाळावी. पावसाचे पाणी एकदा जाळीत शिरले की ती काळी पडते आणि केबल निकामी होते. तिसरे, फेराइटच्या कड्यावर. घरातला खरखराट जाळीच्या बाहेरच्या अंगाने एरियलपर्यंत चालत जातो आणि तिथून आत शिरतो. एरियलच्या टोकाजवळ मोठ्या कड्यातून केबलचे आठ-दहा वेढे घेतले की त्याची वाट अडते.

याची परीक्षा शाळेतही घेता येईल. शेतातल्या टोकाला एरियल सोडवून तिथे ७५ ओहमचा रोधक जोडा आणि संच लावा. संच जवळजवळ गप्प झाला तर केबल चांगली. स्टेशने किंवा खरखर तरीही ऐकू आली, तर केबलच एरियल बनली आहे असे समजा आणि वेष्टन, जोड, कडे तपासा.

शेवटी जिवाची गोष्ट. आपल्याकडे वीज पडून दरवर्षी माणसे-गुरे दगावतात. एरियलची तार विजेच्या तारांखालून किंवा वरून कधीही नेऊ नये. केबल घरात शिरण्यापूर्वी तिची जाळी जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडावी. पण एवढ्याने पडणारी वीज थोपत नाही. म्हणून पावसाळ्यात ऐकणे संपले की केबल घराबाहेरच सोडवून ठेवावी, आणि ढग गडगडू लागल्यावर तिला हात लावू नये. भारी केबलचे जे पैसे वाचले, त्यातून आधी ही सळई घ्यावी.