वसईचा गोन्सालो आणि नागासाकीच्या चढणी

सोळाव्या शतकात गोव्याहून जपानला जायचं, तर वाऱ्याच्या दोन मोसमांचा हिशेब करावा लागे. एप्रिल-मे महिन्यात जहाज मांडवीच्या मुखातून सुटायचं, मलाक्कामार्गे मकावला पोहोचायचं आणि चिनी रेशीम भरून घेण्यासाठी बहुधा तिथेच पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नांगरून पडायचं. मग नैऋत्येचा वारा धरून जपान. परतीच्या फेरीत जपानची चांदी. 1571 पासून या मार्गाचं शेवटचं बंदर होतं नागासाकी. त्याआधी ते मासेमारी करणारं लहानसं गाव होतं. तिथला सरदार ओमुरा सुमितादा स्वतः ख्रिस्ती झाला होता. 1580 मध्ये त्याने हे बंदर जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या हवालीच करून टाकलं.

आम्ही चौघं मित्र गेलो ते फुकुओकाहून. तिथल्या हाकाता स्टेशनातून एक गाडी, ताकेओ-ओनसेनला समोरच्याच फलाटावर उभी असलेली दुसरी, आणि पुढे 2022 मध्ये सुरू झालेल्या शिंकान्सेन या अतिवेगवान गाडीने 66 किलोमीटर. बराचसा प्रवास बोगद्यातून होतो आणि दीड तासाच्या आत आपण समुद्राशी येऊन थांबतो. पुढे रूळच नाहीत. तिन्ही बाजूंना डोंगर, डोंगरांच्या अंगावर थेट वरपर्यंत चढत गेलेली घरं आणि मधोमध आत शिरलेली लांबट खाडी. आमच्यातला एक जण वसईचा. त्याचा आग्रह एकच होता: सामान लॉकरमध्ये टाकायचं आणि आधी निशिझाका टेकडी गाठायची.

स्टेशनापासून टेकडी चालत पाच-सात मिनिटांवर आहे, चढण मात्र दम काढते. वर एक मोकळं पटांगण आणि त्यात लांब दगडी भिंतीवर ब्राँझच्या 26 माणसांची ओळ. शिल्पकार यासुताके फुनाकोशी, वास्तुकार केन्जी इमाई, वर्ष 1962. इथे 5 फेब्रुवारी 1597 रोजी 26 जणांना क्रुसावर बांधून दोन्ही बाजूंनी भाले खुपसून मारलं गेलं. पण शिल्पात क्रूस नाहीत. माणसं ताठ उभी आहेत, अंगावर जाड झगे, आणि झग्यांखाली अनवाणी पावलं. जवळ जाऊन पाहिलं तर लक्षात येतं, की एकाही पावलाखाली जमीन नाही. बोटं खाली झुकलेली, टाचा सुटलेल्या. देह नुकताच वर उचलला जावा तशी. ओळीत मध्येच तीन आकृती बुटक्या आहेत. ती मुलं. सगळ्यांत लहान लुई इबाराकी, वय 12. दुसरा तोमास कोझाकी वडिलांबरोबरच मारला गेला. वाटेवरून त्याने आईला लिहिलेलं निरोपाचं पत्र प्रसिद्ध आहे.

या ओळीत 20 जपानी आहेत, चार स्पॅनिश आणि एक मेक्सिकोचा. राहिलेला एक गोन्सालो गार्सिया, वसईचा.

1557 च्या सुमारास त्याचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईकडची. 1534 मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना दिली, त्यानंतरची ही दुसरी पिढी. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांच्या हाताखाली तो शिकला आणि साधारण पंधराव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथे आठेक वर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं. जपानी भाषा त्याने अशी आत्मसात केली, की पुढचं सारं आयुष्य त्या भाषेनेच ठरवलं. मनात होतं जेझुइट व्हायचं, पण संस्थेने त्याला घेतलं नाही. तो व्यापारात उतरला, पैसा कमावला, मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. 1593 मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाउतिस्ता या धर्मगुरूला वकील म्हणून तोयोतोमी हिदेयोशीकडे पाठवलं. त्याला दुभाषा हवा होता. जपानच्या सर्वसत्ताधीशापुढे उभं राहून स्पॅनिशांचं म्हणणं जपानीत मांडणारा माणूस वसईचा होता, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात का नसावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हिदेयोशीने त्यांना क्योतोत जागा दिली. तिथे त्यांनी मठ बांधला आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालवलं. मग 1596 मध्ये सान फेलिपे हे मालाने भरलेलं स्पॅनिश जहाज शिकोकूच्या किनाऱ्याला लागलं. हिदेयोशीने माल जप्त केला. वादावादीत जहाजाच्या सुकाणूदाराने स्पेनच्या ताकदीची फुशारकी मारली, आधी धर्मगुरू जातात आणि मागून सैन्य, असं तो बोलून गेला, अशी हकिकत सांगतात. जेझुइट आणि फ्रान्सिस्कन यांनी पुढे कित्येक वर्षं एकमेकांना त्यावरून दोष दिला. संशय तर आधीपासूनच होता. 1587 मध्येच हिदेयोशीने मिशनऱ्यांना देश सोडायचा हुकूम काढला होता. आता क्योतो आणि ओसाकात धरपकड झाली, कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली गेली, गाड्यांतून धिंड निघाली आणि ऐन हिवाळ्यात महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला आणलं. 24 जण निघाले होते, वाटेत आणखी दोघांना धरलं. नागासाकीच निवडलं, कारण जपानी ख्रिस्त्यांचं सर्वांत मोठं गाव हेच होतं आणि दहशत इथेच बसवायची होती.

आमचा वसईकर त्या भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिला. गोन्सालोच्या नावाचं चर्च गासला आहे, त्याच्या नावाचं महाविद्यालय वसईत आहे. हा नावाच्या पाट्या वाचतच मोठा झालेला. “अरे, आमच्याकडे हा संत आहे. इथे पाहिल्यावर तो माणूस वाटायला लागला,” एवढंच तो म्हणाला. शेजारच्या संग्रहालयात त्या काळची पत्रं, नकाशे आणि पुढे ख्रिस्त्यांना धर्म लपवून ठेवावा लागला त्या काळातल्या वस्तू आहेत. पलीकडे इमाईनेच बांधलेलं चर्च. त्याच्या दोन मनोऱ्यांवर भांड्यांचे तुकडे जडवले आहेत. स्पॅनिश वास्तुकार गाउदीचं काम जपानला ओळखीचं करून देणाऱ्यांत इमाई होता, आणि ते इथे दिसतं.

बहुतेक प्रवासी नागासाकीत तीन ठिकाणं तीन वेगवेगळ्या गोष्टी म्हणून बघतात: ही टेकडी, ओउराचं सुंदर चर्च आणि अणुबॉम्बचं स्मारक. माझं म्हणणं असं, की ही एकच गोष्ट आहे, आणि ती याच क्रमाने पाहिली तर कळते.

ओउराला ट्राम जाते. 1915 पासून या शहरात ट्राम आहे, आणि डोंगरातल्या उताराच्या शहरात सपाट भागातून फिरायला तिच्याइतकं सोयीचं वाहन नाही. वाटेत देजिमा लागतं. पंख्याच्या आकाराचं हे कृत्रिम बेट 1636 मध्ये पोर्तुगीजांना कोंडून ठेवण्यासाठी बांधलं. तीनच वर्षांत पोर्तुगीजांना हाकललं आणि 1641 मध्ये डचांना तिथे आणून बसवलं. 1859 पर्यंत पाश्चात्त्य व्यापाराला जपानचं हे एकच दार उघडं होतं. भारतातलं छापील सुती कापड या दारातून आत गेलं आणि जपानचं तांबं इथून सुरतेला व कोरोमांडलच्या किनाऱ्याला आलं. आता भोवती भर घालून बेट शहरात मिसळलं आहे. जुन्या इमारती एकेक करून पुन्हा उभारण्याचं काम कित्येक दशकं चाललं आहे. पुढे नाकाशिमा नदीवर 1634 चा मेगानेबाशी, दोन कमानींचा दगडी पूल. 1982 च्या जुलैतल्या भयंकर पुराने तो मोडला, तो तसाच्या तसा पुन्हा बांधला. मला मात्र सर्वांत भावली ती चिनी व्यापाऱ्यांच्या सोफुकुजी मंदिरातली प्रचंड कढई. 1680 च्या दशकातल्या दुष्काळात गावाला पेज घालण्यासाठी ती ओतवून घेतली. ती अजून अंगणात आहे. शेजारून ये-जा करणारी शाळेची पोरं तिच्याकडे वळूनही पाहत नव्हती.

निशिझाकानंतर काय झालं? 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर सरसकट बंदी आली. दरवर्षी गावकऱ्यांना येशू-मेरीच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नसल्याचं दाखवावं लागे. त्यांनी पाय ठेवले, आणि घरी येऊन क्षमेची प्रार्थना केली. धर्मगुरू नाही, चर्च नाही, ग्रंथ नाही. बाळाला हातात घेतलेली बौद्ध देवी कान्नोन हीच त्यांची मेरी. लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थना अर्थ विसरूनही तोंडपाठ, बापाकडून मुलाकडे. असं अडीचशे वर्षं.

जपानची बंदरं उघडल्यावर फ्रेंच धर्मगुरूंनी परदेशी वस्तीसाठी ओउराचं चर्च बांधलं. 1862 मध्ये पोपने त्या 26 जणांना संतपद दिलं होतं. म्हणून चर्च त्यांनाच वाहिलं आणि त्याचं तोंड निशिझाकाकडे ठेवलं. 17 मार्च 1865 रोजी उराकामी गावातली पंधराएक माणसं दबकत आत आली. त्यांतल्या एका बाईने फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितलं, की आमचं मनही तुमच्यासारखंच आहे, आणि मेरीची मूर्ती कुठे आहे ते विचारलं. ती मूर्ती अजून त्या चर्चमध्ये आहे. लाकडी बाकावर बसून आम्ही ती पाहत होतो तेव्हा चौघांपैकी कोणीच काही बोललं नाही. चर्चच्या वरच्या अंगाला ग्लोव्हर या स्कॉटिश व्यापाऱ्याचा 1863 चा बंगला आहे. बाग सुरेख, खाडीचा देखावा त्याहून सुरेख. गर्दी सगळी तिथे.

उराकामीच्या लोकांनी धीर करून आपला धर्म उघड केला, पण बंदी उठलेलीच नव्हती. तीन हजारांवर माणसं गावातून उपटून देशभर पांगवली गेली. सहाशेच्या वर परमुलखात मेली. 1873 मध्ये परदेशी सरकारांच्या दबावाने बंदी सुटली तेव्हा उरलेले परतले. त्यांनी गावच्या मुखियाच्या घराची जागा विकत घेतली. प्रतिमेवर पाय ठेवायला लावत ते तिथेच. 1895 मध्ये चर्चचं काम सुरू केलं, 1914 मध्ये ते उभं राहिलं, 1925 मध्ये त्याचे मनोरे पूर्ण झाले.

9 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी 11 वाजून 2 मिनिटांनी याच उराकामीवर प्लुटोनियमचा बॉम्ब फुटला. विमान निघालं होतं कोकुरा शहरासाठी, तिथे खालचं काही दिसेना म्हणून ते नागासाकीकडे वळलं. चर्च स्फोटाच्या केंद्रापासून जेमतेम 500 मीटरवर. आत पापनिवेदनासाठी आलेले भाविक आणि दोन धर्मगुरू होते. उराकामीच्या सुमारे 12,000 ख्रिस्त्यांपैकी 8,500 गेले. वर्षअखेरपर्यंत शहरात मिळून 74,000 च्या आसपास. अडीचशे वर्षं लपून, हद्दपारी सोसून, परत येऊन पोटाला चिमटा काढत ज्यांनी चर्च बांधलं, त्यांच्यावर हे कोसळलं. निशिझाका आणि ओउरा न पाहता जो थेट बॉम्बच्या स्मारकाशी, शांतता उद्यानात जातो, त्याला इथे आकडा दिसतो. आम्हाला माणसं दिसली.

नवं चर्च 1959 चं आहे. त्याच्या एका बाजूला उतारावर, ओढ्याकाठी, जुन्या मनोऱ्याचा घुमट जिथे गडगडत आला तिथेच पडून आहे, लॉरीएवढा. आतल्या छोट्या प्रार्थनाघरात मेरीच्या लाकडी मूर्तीचं फक्त डोकं ठेवलं आहे. डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी, एका गालावर जळल्याचा डाग. जुन्या दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यातून धड निघाली होती. दुसरी फुटली. तिच्या जागी अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली आणि 2025 च्या 9 ऑगस्टला, 80 वर्षांनी, दोन्ही घंटा एकत्र वाजल्या.

संध्याकाळी चाम्पोन खाल्लं. 1899 मध्ये चेन पिंगशुन या चिनी माणसाने उघडलेल्या शिकाइरोत हा पदार्थ जन्मला असं मानतात: जाड शेवया, कोबी, मासळी, डुकराचं मांस, पांढुरका रस्सा. शाकाहारी मित्राची इथे खरोखर पंचाईत होते. त्याने आधीच सोय बघावी. कास्तेला मात्र अंडं चालणाऱ्या सगळ्यांनी खावा. पोर्तुगीजांकडून आलेला हा केक फुकुसाया या दुकानात 1624 पासून होतो. खालचा कागद हलक्या हाताने सोलायचा, कारण तळाशी जाड साखरेचे दाणे न विरघळता राहिलेले असतात आणि चव त्या थरात आहे. रात्री 333 मीटर उंच इनासा डोंगरावर रोपवेने गेलो. तिथून खाडीभोवतीचं सगळं शहर दिव्यांत दिसतं.

हाशिमा या ओसाड कोळसाबेटाची सफर अनेक जण करतात. 1974 मध्ये खाण बंद झाली आणि काँक्रीटच्या इमारती तशाच राहिल्या. लाटा मोठ्या असल्या तर नाव बेटाला लागत नाही. जाणाऱ्यांनी तिथे सक्तीने राबवलेल्या कोरियन आणि चिनी मजुरांबद्दल आधी वाचून जावं. नागासाकीसाठी दोन दिवस हाताशी असतील, तर मी हाशिमा वगळून उराकामीला अर्धा दिवस जास्त देईन. शिंकान्सेनमधून उतरणाऱ्या मराठी माणसाने, वसईकराने तर नक्कीच, ट्राम पकडण्याआधी निशिझाकाची चढण चढावी.