संदिग्धता, वाक्यरचनागत

वाक्यातील शब्द, त्यांचे अर्थ आणि त्यांचा क्रम कायम असूनही त्यातून दोन वा अधिक अर्थ निघतात, तेव्हा ते वाक्य रचनेच्या दृष्टीने संदिग्ध होय. शब्दगत संदिग्धता याहून वेगळी. ‘तो चिखलीला गेला’ या वाक्यात पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील चिखली अभिप्रेत आहे की बुलढाणा जिल्ह्यातील, हा प्रश्न केवळ नावाचा आहे. वाक्याची घडण दोन्ही अर्थी एकच राहते.

यांपैकी पहिल्या चिखलीसारख्या कारखानदारीच्या परिसरात दुरुस्तीच्या सूचनेत सहज येईल असे वाक्य घ्यावे : ‘झिजलेले पट्टे आणि गिअर बदलावेत’. विशेषण दोन्ही नामांना मिळून लावले, तर झिजलेले तेवढेच गिअर बदलावयाचे. ते एकट्या ‘पट्टे’ या नामाशी बांधले, तर यंत्रातील सर्वच गिअर बदलावयाचे. खर्चातील फरक लहान नाही. शब्द एका ओळीत मांडलेले असले, तरी वाचणारा त्यांचे गट पाडून अर्थ लावतो आणि येथे ते दोन प्रकारे पडतात. मराठीतील लिंगवचनाचा मेळ काही वेळा साहाय्यक होतो. ‘झिजलेले पट्टे आणि साखळ्या’ यातील विशेषणाचे पुल्लिंगी रूप साखळ्यांना वगळते असे वाटते. परंतु विशेषण लगतच्या नामाप्रमाणे चालत असल्यामुळे शंका पूर्णपणे फिटत नाही. ‘गिअर आणि झिजलेले पट्टे’ असा क्रम ठेवल्यास ती उरत नाही. स्वल्पविरामावर भिस्त ठेवण्यापेक्षा हा उपाय बरा.

‘मुकादमाने कामगाराला जिना उतरताना पाहिले’ या वाक्यातील अडचण अधिक खोल आहे. अपघाताच्या जबानीत जिना कोण उतरत होता यावरच सारे अवलंबून असते. पण ‘उतरताना’ या कृदंताचा कर्ता उच्चारलेलाच नाही. ‘कामगारांची निवड’ या षष्ठीच्या रचनेतही कामगारांनी निवडले की त्यांना निवडले, हे कळत नाही. नोम चॉम्स्की यांनी सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स (१९५७) या ग्रंथात याच जातीचे इंग्रजी उदाहरण चर्चिले आहे. मर्यादित नियमांतून भाषेतील अमर्याद वाक्ये सिद्ध करून दाखविणारे ते प्रजनक व्याकरण. संदिग्ध वाक्याला त्याने तितक्याच भिन्न रचना पुरविल्या पाहिजेत, ही त्याची एक कसोटी ठरली. १९६५ मध्ये चॉम्स्की यांनी गाभ्याची रचना व वरवरची रचना असा भेद सविस्तर मांडला. १९९५ च्या मिनिमलिस्ट प्रोग्रॅममध्ये गाभ्याच्या रचनेचा स्वतंत्र स्तर त्यांनी वगळला. कानावर न पडणाऱ्या रचनेची गरज मात्र कायम राहिली.

‘व्यवस्थापकाला कामगाराला भेटायचे आहे’ हे खास मराठी वळणाचे उदाहरण होय. पहिल्या नामास इच्छा करणारा मानण्याकडे कल असतो. तथापि मराठीचा शब्दक्रम लवचीक असल्याने उलट अर्थही संभवतो. शालेय व्याकरण ‘स, ला, ते’ हे प्रत्यय द्वितीयेत व चतुर्थीत दोन्हीकडे देते, म्हणजे एका रूपामागे दोन संबंध असतात हे ते मान्यच करते. पाणिनीने कारक आणि विभक्ती वेगळी ठेवली ती याच जातीच्या विचारातून.

नकाराची व्याप्तीही असाच घोटाळा करते. ‘तो पैशासाठी आला नाही’ म्हणजे पैशामुळे त्याचे येणे राहिले, किंवा तो आला पण हेतू वेगळा होता. बोलताना ‘पैशासाठी’ या शब्दावर आघात देऊन दुसरा अर्थ दाखविता येतो. लेखनात त्यासाठी ‘तो आला तो पैशासाठी नव्हे’ अशी वाक्यरचनाच बदलावी लागते.