गाडीची चमक आणि उसावरचं मेण



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, खतांचे हप्ते आणि तोडणी यांविषयी बोलतो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे, पण तो निघाला आपल्याच गट ऑफिसात, म्हणून इथे लिहितो आहे.

गेल्या हंगामाच्या अखेरीस एक ज्येष्ठ सभासद ऑफिसात आले. हातात छोटीशी चपटी डबी. म्हणाले, "साहेब, पोरानं ट्रॅक्टरला लावायला हे मेण आणलंय. किंमत ऐकून झोप उडाली. गॅरेजवाला म्हणतो, ट्रॅक्टर सगळा नव्यानं रंगवा. पोरगा म्हणतो, या डबीनं काम होईल. खरं कोणाचं?"

डबीवर 'कारनौबा' असं लिहिलेलं होतं. टेबलावर नमुन्याचा ऊस पडला होता. मी त्याच्या कांडीवर, डोळ्याच्या जरा खाली, नख ओढलं. नखात पांढरी पूड आली. म्हटलं, "आबा, डबीतलं मेण आणि हे मेण भाऊबंदच." आबा म्हणाले, "मग ट्रॅक्टर उसानंच पुसू काय?"

हसण्यावारी गेलं, पण प्रश्न हजारो रुपयांचा होता. आज बहुतेक सभासदांच्या दारात ट्रॅक्टर, जीप, नाहीतर मोटारसायकल आहे. म्हणून चमक कशानं येते आणि मेण काय करतं, हे नीट समजून घेऊ.

कारनौबा म्हणजे काय?

ब्राझील म्हटलं की आपल्याला ऊस आणि साखर आठवते. त्याच देशाच्या ईशान्य भागात, सियारा आणि पिआवी या कोरड्या राज्यांत, ताडासारखं पंख्याच्या पानांचं एक झाड वाढतं. त्याचं नाव कारनौबा. तिथे पावसाळा थोडा आणि ऊन कडक. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड पानावर मेणाचा थर धरतं. कोरड्या महिन्यांत लांब काठीला कोयता बांधून पानं उतरवतात. झाड तोडत नाहीत, शेंड्याची कोवळी पानं राखतात. पानं उन्हात वाळली की मेणाची पूड सुटते. ती झोडपून गोळा करायची, वितळवायची आणि गाळायची, की कारनौबा मेण तयार.

नैसर्गिक मेणांत हे सर्वांत कठीण समजलं जातं. मधमाशीचं मेण साधारण 62 ते 65 अंश सेल्सिअसला वितळतं, तर कारनौबा 82 ते 86 अंशांना. चैत्रातल्या उन्हात बॉनेटवर हात ठेववत नाही, तिथेही ते टिकतं ते यामुळेच. औषधाच्या गोळ्यांवर आणि मुलांच्या रंगीत चॉकलेट-गोळ्यांवर जी चकाकी असते, तीही पुष्कळदा याच मेणाची.

निव्वळ कारनौबा विटेसारखं कडक असतं, हातानं पत्र्यावर पसरणारच नाही. म्हणून डबीत त्याच्या जोडीला दुसरी मेणं, तेलं आणि उडून जाणारा पातळ द्रव मिसळलेला असतो. डबीवर मोठ्या अक्षरांत काहीही छापलेलं असो, आतलं सगळंच कारनौबा नसतं, एवढं ध्यानात ठेवून पैसे मोजा.

चमक कुठून येते?

विहिरीचं पाणी स्थिर असलं की त्यात आभाळ दिसतं. वाऱ्यानं लाटा उठल्या की दिसेनासं होतं. पाणी तेच, फरक वरच्या सपाटीचा. रंगाचंही तसंच. उन्हानं रंगाचा वरचा थर मरतो, पांढुरका पडतो. कोरड्या फडक्यानं धूळ पुसली की हजारो बारीक ओरखडे उठतात. मग उजेड सरळ परतायच्या ऐवजी चोहीकडे फाकतो आणि रंग मेलेला दिसतो.

म्हणजे चमक ही मुळात सपाटीची असते. मेण ती राखतं आणि थोडी खुलवतं. काळा दगड ओला केला की कसा गडद दिसतो, तसा मेणाच्या पातळ थरानं रंग खोल दिसतो. पण मेलेल्या थरावर मेण लावणं म्हणजे नांगरट न करता सरी काढणं.

ग्लेझ कशाला?

मेणाच्या आधी लावायचा एक पदार्थ 'ग्लेझ' नावानं मिळतो. भिंतीला रंग देण्याआधी लांबी भरतात ना, तसं त्याचं काम. त्यातली तेलं आणि बारीक भुकटी केसासारख्या ओरखड्यांत बसते आणि ते दिसेनासे होतात. ओरखडे जात नाहीत, झाकले जातात. दोन-चार धुण्यांत ग्लेझ निघून जातं, म्हणून त्यावर मेणाचं पांघरूण घालायचं. जुनी गाडी घेताना सभासदांनी हे विसरू नये. विक्रीच्या दिवशी आरशासारखी दिसणारी गाडी महिन्याभरात ओरखड्यांनी भरलेली निघू शकते.

क्रम असा ठेवा

1) धुणं : आधी भरपूर पाणी मारून धूळ वाहू द्या, मग गाडीच्या शाम्पूनं मऊ कापडानं धुवा. कारखान्याच्या आवारात उभ्या राहणाऱ्या वाहनांवर धुराड्याची राख पडते. भुश्श्याच्या राखेत वाळूचाच अंश पुष्कळ असतो. ती कोरडी पुसलीत तर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं.

2) घासणं : रंग पांढुरका असेल तरच रबिंग-पॉलिश करा. त्यानं मेलेला थर निघतो. पण थर बेताचाच असतो. कारखान्यातून आलेल्या मोटारीवरचा सगळा रंग मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा किंचित जास्त. दर दिवाळीला रबिंग मारलं तर एक दिवस पत्रा दिसेल. धारेवर आणि कोपऱ्यांवर तर अगदी हलका हात.

3) ग्लेझ : हवं असेल तर. ट्रॅक्टरला त्याची गरज नाही.

4) मेण : सावलीत, पत्रा गार असताना, अगदी पातळ. एका वेळी हातभर जागा घ्या. डबीवर सांगितलेली वेळ थांबा, मग धुतलेल्या मऊ कापडानं पुसून काढा. काच, रबर आणि काळं खडबडीत प्लास्टिक सोडून द्या. प्लास्टिकवर पांढरे डाग धरतात आणि सहज जात नाहीत.

पातळ हा शब्द मी मुद्दाम लिहितो. पहिल्यांदा माझ्या जुन्या जीपला मी भर दुपारी, उन्हात, लोण्यासारखं जाड मेण लावलं होतं. जास्त मेण, जास्त चमक, असा हिशोब. ते पत्र्यावर असं धरलं की पुसून काढायला दोन दिवस गेले आणि खांदे भरून आले. युरियाचा डोस दुप्पट केला म्हणून ऊस दुप्पट होत नाही, हे मी तुम्हाला शिवारात सांगत फिरतो. जीपपाशी मीच विसरलो.

मेण किती टिकतं?

उघड्यावरच्या वाहनावर महिना-दोन महिने, सावलीतल्यावर थोडं जास्त. परीक्षा सोपी आहे. पाणी शिंपडा. अळूच्या पानावर होतात तसे गोल थेंब झाले तर मेण आहे. पाणी पसरून बसलं तर संपलं. ऊस आणि तणांवरच्या फवारणीत आपण स्टिकर घालतो तो याचसाठी, पानावरच्या मेणावरून औषध घरंगळून जाऊ नये म्हणून. तिथे जे मेण आपल्याला आडवं येतं, तेच इथे कामाला येतं.

डिझेलच्या फडक्यानं ट्रॅक्टर पुसायची सवय मात्र सोडा. तासभर चकाकतो, मग त्यावर धूळ चिकटून बसते. डिझेल लागून रबरी भाग खराब होतात ते वेगळंच.

आपल्या उसाचं मेण

उसाच्या कांडीवरचं मेण गाळपात रसाबरोबर येतं आणि रस गाळताना त्यातलं बरंच प्रेसमडमध्ये अडकतं. प्रेसमडमधून विद्रावक वापरून हे मेण काढता येतं. ते गडद रंगाचं असतं, शुद्ध करावं लागतं, पण चांगलं कठीण असतं. म्हणून पॉलिशच्या धंद्यात कारनौबाला पर्याय म्हणून त्याकडे पाहिलं जातं. विद्रावक पेट घेणारे असतात, काम यंत्रसामग्रीचं आणि जोखमीचं आहे. घरी कोणी प्रयोग करू नये. शेतात टाकलेल्या ताज्या प्रेसमडच्या ढिगाचं पाणी वरून वाहून जातं, आत लवकर मुरत नाही, त्याला हे मेणही एक कारण आहे. म्हणून प्रेसमड कुजवून वापरा, असं आम्ही सांगतो.

आबांच्या ट्रॅक्टरचं काय झालं?

आम्ही बाहेर गेलो. बॉनेटवर वीतभर जागा धुतली आणि पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन घासली. कापड लाल झालं आणि खालून मूळचा लाल रंग वर आला. म्हणजे रंग जिवंत होता, वरचं कातडं मेलं होतं. (नव्या मोटारींच्या रंगावर बिनरंगी थर असतो, तिथे कापडावर रंग येत नाही. तो थरच पापुद्रे धरून निघत असेल तर मेणाचा उपयोग नाही.)

मडगार्डची कड मात्र गंजून फुगली होती. खताची पोती तिथेच टेकत होती. त्यावर मेण लावणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. ती जागा घासून, प्रायमर मारून रंगवायलाच हवी होती. पेंटरला आधी मेण लावलं असेल तर तसं सांगावं, नाहीतर नवा रंग नीट धरत नाही.

म्हणजे पोराचं बॉनेटपुरतं खरं आणि गॅरेजवाल्याचं मडगार्डपुरतं. आबांनी मडगार्ड तेवढे रंगवून घेतले, बाकीचं दोघा बापलेकांनी एका रविवारी सावलीत बसून केलं. पुढच्या खेपेला आबा ट्रॅक्टर घेऊन मुद्दाम ऑफिसवरून गेले. थांबले नाहीत, फक्त हॉर्न वाजवला.

तुम्हीही पैसे मोजण्याआधी वीतभर जागा घासून पाहा. माती परीक्षण करूनच खत द्यावं, त्यातलाच हा प्रकार.

आपला,
ऊस विकास अधिकारी