बरं व्हायचं आहे ते उपचारांपासून

समलिंगी मुलाला किंवा मुलीला ‘सरळ’ करण्यासाठी जे जे केलं जातं त्याला कन्व्हर्जन थेरपी म्हणतात. दवाखान्यातल्या गोळ्या, शॉक आणि संमोहन त्यात येतं, भगताचा अंगारा येतो, आणि ‘लग्न लावून द्या, होईल सगळं सुरळीत’ हा सल्लाही येतो. त्या लग्नात आणखी एका मुलीचं आयुष्य पणाला लागतं, हे कुणी बोलत नाही. हे सारं खेड्यातल्या अज्ञानातून होतं, असं समजण्याचं कारण नाही. समलैंगिकता वर्तनोपचाराने बदलण्याविषयीचा मुंबईच्या मानसोपचारतज्ज्ञांचा निबंध 1982 साली ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त छापून आला होता. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, तरी डांबून ठेवणं थांबलं नाही. मे 2020 मध्ये केरळची एक तरुण विद्यार्थिनी गोव्यात मृतावस्थेत सापडली. घरच्यांनी आपल्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, जबरदस्तीने औषधं दिली, असं तिने त्याआधी व्हिडिओतून सांगितलं होतं.

अशा उपचारांतून बाहेर पडलेल्यांची मूळ जखम कोणती? माझ्या मते, उपचार फसल्याचा दोष त्यांच्याच माथी मारला जातो, ही. ‘तुझी इच्छाच कमी पडली’ असं ऐकून माणूस परततो. कुणाबद्दल ओढ वाटली की पाठोपाठ भीती किंवा किळस दाटून येते, आणि डॉक्टरवरचा विश्वास उडालेला असतो. मग खरंच नैराश्य आलं, झोप उडाली, तरी तो दवाखान्याची पायरी चढत नाही. अमेरिकेतल्या तरुणांविषयीच्या 2020 च्या एका अभ्यासात, असे प्रयत्न झालेल्यांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त आढळलं. म्हणून सावरण्याची सुरुवात, चूक उपचारांची होती, तुझी नव्हे, हे समुपदेशकाने स्पष्ट शब्दांत सांगण्यापासून होते. याला आधार आहे. रॉबर्ट स्पिट्झर या नामवंत मानसोपचारतज्ज्ञांनी 200 जणांच्या मुलाखतींवरून असा बदल शक्य असल्याचं 2003 मध्ये मांडलं. पण ते लोक खरं सांगत होते की नाही हे पडताळण्याचा मार्गच आपल्याकडे नव्हता, हे त्यांनी 2012 मध्ये मान्य केलं आणि जाहीर माफी मागितली.

यावर एक आक्षेप हमखास येतो: काही जण तर स्वतःहून बदल मागतात, त्यांना का अडवायचं? पण घर, नोकरी, आईचं प्रेम गमावण्याच्या धाकात केलेली ती मागणी असते. तो धाक दूर करणं हेच समुपदेशकाचं काम. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार केवळ समाजाच्या नैतिक चौकटीत बसत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये हे उपचार डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. भगताच्या मारझोडीला महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होऊ शकतो. गोड बोलून लाज पेरणारा समुपदेशक मात्र या दोन्हींतून सहज निसटतो, आणि मला सर्वाधिक काळजी त्याची वाटते.

पेण-रोह्यासारख्या गावांत अडचण आणखी वेगळी. डॉक्टर वडिलांच्या ओळखीचा, औषधांचं दुकान नात्यातल्या कुणाचं. गुपित राहील याची खात्री कोण देणार? अशोक राव कवी यांनी 1994 मध्ये सुरू केलेला, समलिंगी व्यक्तींसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट मुंबईत आहे. रोह्याहून पनवेलमार्गे गाडीने तिथवर जाता येतं, पण घरी कारण काय सांगायचं? त्यामुळे 14416 या टेलिमानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठीत बोलता येणं इथे फार मोलाचं आहे. दोन्ही गावांतल्या उपजिल्हा रुग्णालयांत एकेक जण जरी ‘आधी तुझ्यावर काय काय केलं गेलं?’ हे विचारून ऐकून घ्यायला तयार झाला, तरी तुटलेला विश्वास जुळू लागेल. हे लाड शहरी, असं म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की आडोसा जिथे कमी, तिथे जखम अधिक खोल जाते.

आईवडिलांचा हेतू वाईट नव्हता, हे बहुतेक वेळा खरंच असतं. त्यांनाही डॉक्टरने किंवा शेजाऱ्याने भरीला घातलेलं असतं. पण हेतू चांगला होता म्हणून इजा कमी होत नाही. ‘आमचं चुकलं’ हे त्यांच्या तोंडून ऐकणं मुलाला कुठल्याही गोळीपेक्षा जास्त आधार देतं; फक्त त्या बदल्यात त्याने लगेच माफ करावं, अशी अट त्यांनी घालू नये.