संगणकावरील तक्ता कागदावर कसा उतरवावा?

शाळांचे निकाल, वर्गणीचे हिशेब आणि स्नेहसंमेलनाच्या याद्या आतां पुण्यांत बहुधा एक्सेलमध्यें तयार होतात. पडद्यावर तक्ता सुबक दिसतो. परंतु छापूं लागलें, कीं विद्यार्थ्याचें नांव एका पानावर आणि त्याचे गुण दुसऱ्या पानावर, असा प्रकार घडतो. अशा कागदावरून एकाचे गुण दुसऱ्याचे समजले जाण्याचा धोका असतो. म्हणून हा दोष कां उद्भवतो व कसा दूर करावा, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

मूळ कारण असें, कीं पडद्यावरील शीटला जवळजवळ अंतच नाहीं. एका शीटमध्यें १०,४८,५७६ ओळी व १६,३८४ रकाने मावतात. कागदाला मात्र कडा आहेत. तक्ता कोठें तोडावा हें आपण न सांगितल्यास यंत्र स्वतःच्या हिशेबानें तो तोडतें. शिवाय एकाच फाईलमधील प्रत्येक शीट कागदाचें माप, पानाची दिशा आणि समास यांची स्वतंत्र नोंद ठेवते. पांचवीची शीट नीट केली, म्हणून सहावीची आपोआप नीट होत नाहीं. अनेक घोटाळ्यांचें मूळ येथेंच असतें. प्रिंटरला उगाच दोष मिळतो.

प्रथम कागदाचें माप पाहावें. आपल्याकडील ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो; अमेरिकेंतील 'लेटर' कागद सुमारें २१६ व २७९ मिलिमीटरांचा. 'लेटर'च्या मापानें बसविलेला तक्ता ए-४ वर घेतला, तर शेवटचा रकाना पुढच्या पानावर जाऊं शकतो.

रकाने अधिक असल्यास पान आडवें करावें. नंतर 'पेज सेटअप'मध्यें 'फिट टू' येथें रुंदी एक पान ठेवून उंचीची जागा कोरी सोडावी. मग सर्व रकाने एका पानाच्या रुंदींत येतात व ओळी हव्या तितक्या पानांवर उतरतात. उंचीही एक पान ठेवली, तर लांब यादी मुंगीएवढ्या अक्षरांत छापली जाते. 'प्रिंट टायटल्स'मध्यें मथळ्याची ओळ नेमून दिल्यास ती प्रत्येक पानावर उमटते. कोरीं पानें निघत असल्यास 'कंट्रोल' व 'एंड' या कळा एकदम दाबाव्या. वापरलेल्या भागाचा शेवट कळतो, आणि दूर कोठें पडलेली अनावश्यक खूण सांपडते.

अनेक शीट्स एकदम सुधारावयाच्या असल्यास पहिलीच्या नांवावर टिचकी मारावी आणि 'शिफ्ट' दाबून शेवटचीवर मारावी. आतां पानाची दिशा, माप व समास सर्वांना एकदम लागू करतां येतात. मथळ्याची ओळ मात्र प्रत्येक शीटमध्यें निराळी नेमावी लागते. येथें फार सावध असावें. हा गट न मोडतां एखादा आंकडा लिहिला, तर तो सर्व शीट्सच्या त्याच घरांत जाऊन बसतो, व दुसऱ्या वर्गांतील मुलाचे गुण नकळत पुसले जातात. म्हणून काम होतांच 'अनग्रुप शीट्स' करावें. शेवटीं 'प्रिंट एंटायर वर्कबुक' निवडावें, म्हणजे पृष्ठांक नेमलेले असल्यास ते सलग येतात.

मराठी मजकुराची एक निराळी अडचण आहे. १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें देशी लिपि संगणकावर आणण्यास मोठा हातभार लावला. तरीही जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत लिहिलेला तक्ता तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अगम्य दिसतो. यास्तव युनिकोडांतच लिहावें, आणि वेलांट्या व मात्रा कापल्या जाऊं नयेत म्हणून ओळीची उंची थोडी वाढवावी.

विद्यार्थिमित्रहो, छापण्यापूर्वीं 'प्रिंट प्रिव्ह्यू'मध्यें प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावें, व प्रथम एकच प्रत काढून ती मूळ तक्त्याशीं ताडून पाहावी. त्यास फार वेळ लागत नाहीं, कागद वांचतो, आणि ज्याचे गुण त्याच्याच नांवासमोर राहतात.