परिचारिकेचा अधिकार आणि त्याचे मोजमाप

गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा यांसारख्या वनव्याप्त तालुक्यांत सरकारी दवाखाना म्हणजे प्रथम उपकेंद्रच होय. आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा शासकीय निकष आहे. डॉक्टर असतात ते प्राथमिक आरोग्य केंद्रात. उपकेंद्राची धुरा वर्षानुवर्षे आरोग्यसेविकेनेच वाहिली.

२०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झाले. २०२३ मध्ये त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. परिचर्या किंवा आयुर्वेद शाखेतील उमेदवारांना सामुदायिक आरोग्याचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन ते भरण्यात येऊ लागले.

या पदावरील परिचारिकेस ‘प्रगत परिचारिका’ म्हणता येईल काय? आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार त्यासाठी किमान पदव्युत्तर पदवी आणि गुंतागुंतीचे निर्णय घेण्याची क्षमता हवी. भारतीय परिचर्या परिषदेचा अतिदक्षता परिचर्येचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम या व्याख्येच्या जवळ जातो. सहा महिन्यांचे प्रशिक्षण जात नाही. कायद्याची भाषाही मोघम आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३२ मध्ये मर्यादित परवान्याची तरतूद आहे. परंतु आधुनिक वैद्यकीय व्यवसायाशी संबंधित व्यक्ती, एवढेच तेथे म्हटले असून परिचारिकेचा नामोल्लेख नाही.

तथापि, पदनामापेक्षा महत्त्वाचा प्रश्न निर्णयाचा आहे. कोणता निर्णय तिने स्वतः घ्यावयाचा, कोणता डॉक्टरांना विचारून, आणि कोणता रुग्ण विनाविलंब पुढे पाठवावयाचा? उच्च रक्तदाबाचे उदाहरण घ्यावे. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब तपासणे हे उपकेंद्राचे काम. निदान पक्के करून औषध ठरवितात वैद्यकीय अधिकारी. त्यानंतर महिन्यामागून महिना औषध देणे, रक्तदाब पाहणे, न आलेल्या रुग्णाचा शोध घेणे हे पुन्हा उपकेंद्रात. कामाचा मोठा भाग हाच असतो, आणि त्याची दखल मात्र सर्वांत कमी घेतली जाते.

किती रुग्ण तपासले हे नोंदवहीतून सहज मोजता येते; पण त्यावरून परिचारिकेची धावपळ कळते, गुण कळत नाही. गोंदिया १ मे १९९९ पर्यंत ज्या जिल्ह्याचा भाग होता, त्या भंडाऱ्यात भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने वेगळे माप लावले. नोंदविलेल्या रुग्णांपैकी कितीजणांचा रक्तदाब अखेरच्या भेटीत १४०/९० च्या खाली होता, हे ते माप. जो रुग्ण आलाच नाही, तो नियंत्रित धरला जात नाही. म्हणूनच हे माप प्रामाणिक वाटते. अर्थात, औषधाचा साठाच संपला असेल तर दोष परिचारिकेच्या माथी मारता येणार नाही. साठ्याची नोंद शेजारी ठेवूनच हा आकडा वाचावा लागतो.

उपकेंद्र पातळीवरील जन आरोग्य समितीचे अध्यक्ष सरपंच असतात आणि सदस्य सचिव समुदाय आरोग्य अधिकारी. समितीच्या बैठकीत हे दोन आकडे मागता येतात : नोंदलेल्यांपैकी कितीजण नियंत्रणात आहेत, आणि गेल्या तीन महिन्यांत गोळ्या किती दिवस नव्हत्या.