वारुळातल्या अळंबीचे आडनाव

अल नहदाचा पत्ता सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला: दुबईतली की शारजातली? आपल्या कोकण-गोव्याच्या रानअळंबीचा पत्ताही शास्त्रज्ञ असाच बराच काळ शोधत होते.

ही अळंबी पावसाळ्यात वारुळावर उगवते. गोव्यात तिला ‘रोयण अळमी’ म्हणतात. १८४७ मध्ये बर्कली या इंग्रज अभ्यासकाने श्रीलंकेतल्या नमुन्यावरून तिच्या एका जातीचे वर्णन केले आणि तिला ‘अ‍ॅगॅरिकस’मध्ये घातले. सुपरमार्केटमधले पांढरे बटण मशरूम आजही त्याच प्रजातीत आहे. १९४२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी वारुळाचे नाते ओळखून वेगळी प्रजाती मांडली: टर्मिटोमायसिस, म्हणजे वाळवीची बुरशी. दक्षिण भारतातल्या एका जातीला १९७९ मध्ये त्यांचेच नाव मिळाले.

वाद तरीही मिटला नाही. नखाएवढ्या छत्र्यांची, लांब मूळ नसलेली एक जात ‘पोडाब्रेला’ म्हणून वेगळी काढली गेली. पुढे डीएनए तपासल्यावर तीही याच घरची निघाली. साऱ्या प्रजातीचे कूळ आता लायोफायलेसी मानतात. घर लहानच, तीसेक जातींचे. पण आफ्रिकेतल्या एका जातीची छत्री मीटरभर रुंद होते.

तुम्ही म्हणाल, आडनाव बदलल्याने भाजीची चव थोडीच बदलते? चव नाही, पण समज बदलते. वाळवी चघळलेल्या पालापाचोळ्यावर ही बुरशी शेतासारखी पिकवते आणि तीच खाते. म्हणून ही अळंबी बटण मशरूमसारखी शेडमध्ये पिकवता येत नाही. बहुतेक नव्या वारुळांना बुरशीचे बी मिळते ते उमललेल्या छत्र्यांतून उडालेल्या बीजाणूंतून. मिटलेल्या कळ्यांना बाजारात मागणी असते; पण सगळ्याच कळ्या खुडल्या, तर बीजाणू उडणार कुठून?

मुलांनो, इथल्या शाळांची जुलै-ऑगस्टची सुट्टी म्हणजे तिकडे अळंबीचा हंगाम. गावी गेलात की आजीला वारूळ दाखवायला सांगा. फोनमधला फोटो जुळला म्हणून कोणतीही छत्री तोंडात घालू नका. विषारी छत्र्याही अशाच दिसतात. जाणत्या माणसाने ओळखलेलीच खा. आणि वारुळावरच्या चार छत्र्या उमलायला राहू द्या. पुढच्या पिढीची भाजी त्यांच्यातच आहे.